तिकालचा सूर्योदय विकणारा माणूस

ग्वाटेमालात तिकाल या प्राचीन माया शहराचे अवशेष बघायला जाणारे बहुतेक लोक सांता एलेनाला उतरतात. ग्वाटेमाला सिटीहून रात्री निघालेली बस भल्या पहाटे तिथे पोचते. तुम्ही झोपेत असता, सामान कुठे आहे ते शोधत असता, आणि नेमका त्याच वेळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, छान इंग्रजी बोलणारा एक माणूस समोर येतो. पुढे जे सांगतोय ते कुणी त्या वाटेने जाणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून सांगतोय. आम्ही तिघे होतो: मी, बायको आणि सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आलेली माझी मावशी. मावशी निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली.

राहायची सोय जवळच्या फ्लोरेसला असते. पेतेन इत्झा तळ्यातलं हे एवढंसं बेट, सांता एलेनाशी बांधाच्या रस्त्याने जोडलेलं. टुकटुकने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. टुकटुक म्हणजे चक्क आपली बजाजची रिक्षा, त्यामुळे मावशी एकदम खुशीत आली होती. पण त्या माणसाने रिक्षा करूच दिली नाही. "आमची गाडी बेटावर फुकट सोडते," म्हणाला. फुकट कशासाठी, ते गाडीत बसल्यावर कळलं. दार लागलं आणि त्याने नकाशा उघडला.

त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, कारण प्रत्येक वाक्यात थोडं खरं होतं. तिकालला पहाटे चारनंतर सूर्योदयासाठी वेगळा प्रवेश मिळतो, हे खरं. त्यासाठी वाटाड्या बरोबर असावाच लागतो, हेही खरं. मग हळूच खोटं सुरू झालं. बेटावरचं एटीएम बंद पडलंय, उद्याच्या तीनच जागा उरल्यात, हॉटेलवाले याचेच दुप्पट घेतात. वाटेत त्याने गाडी एका एटीएमसमोर उभी केली. माणशी ४५० केत्साल (हे तिथलं चलन), रोख. त्यात येणं-जाणं, प्रवेश, इंग्रजी बोलणारा वाटाड्या आणि जेवण. पावती स्पॅनिशमध्ये होती, शिक्का ठसठशीत. बेटावर पोचलो तर एटीएम सुरू होतं.

पहाटे तीनला गाडी आली. तो माणूस नव्हता, एक तरुण पोरगा होता. फ्लोरेसपासून तिकाल साधारण ६५ किलोमीटर. इथला भूगोल आधी समजून घ्या, कारण सगळी हातचलाखी त्यावरच चालते. उद्यानाचं फाटक मंदिरांपाशी नाही, त्यांच्या १७ किलोमीटर अलीकडे आहे. तिकिटं त्या फाटकावर. म्हणजे तुम्ही अंधारात, जंगलाच्या तोंडाशी, गाडीत बसून असता. परत जायला दुसरं वाहन नाही, बहुतेक वेळा फोनला रेंज नाही. तिथे पोरगा म्हणाला, "पावती फक्त गाडीची आणि माझी आहे. तिकिटाचे माणशी २५० वेगळे." पावतीवर खरोखर तेवढंच लिहिलेलं होतं.

परदेशी माणसाला दिवसाच्या प्रवेशाचे १५० केत्साल, आणि सूर्योदयाला जायचं तर त्यावर आणखी १००. आम्ही गेलो तेव्हा हेच दर होते, त्यामुळे २५० हा आकडा बरोबर वाटला. पोरगा पासपोर्ट आणि पैसे घेऊन गेला. परत आला तेव्हा पासपोर्ट दिले, तिकिटं दिली नाहीत. "आत दाखवावी लागतात, माझ्याकडेच राहू देत." शेजारून एकेक गाडी फाटकातून आत जात होती आणि आमची मात्र थांबलेली. कारण विचारलं तर धुकं. "धुकं असलं की सूर्य दिसतच नाही, घाई कशाला?" तिकालला पहाटे धुकं असतंच, पुष्कळदा सूर्य दिसतही नाही. त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती. सहा वाजले, सर्वांसाठी फाटक उघडलं, आणि आम्ही आत गेलो.

आत तिकीट तपासणाऱ्याने कागद हातात घेतले तेव्हा बायकोने वाकून बघितलं. प्रत्येकावर १५०. सूर्योदयाचं तिकीट काढलेलंच नव्हतं, म्हणून आम्हाला सहापर्यंत बसवून ठेवलं होतं. तिने तिथल्या तिथे तिकिटं मागून घेतली. पुढे तक्रार लिहिताना तेवढाच एक पुरावा हातात होता.

आता त्याच्या वाटाडेपणाबद्दल. ग्वाटेमालातल्या अधिकृत वाटाड्याकडे इंगुआतचं, म्हणजे तिथल्या पर्यटन संस्थेचं, फोटोचं ओळखपत्र असतं. याच्या गळ्यात जे होतं ते एजन्सीचं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड. झाडांमधून एकदम घोगरी, छातीत घुमणारी गर्जना आली. पोरगा म्हणाला, जग्वार, भरभर चला. ती हाउलर माकडं होती, झाडाच्या शेंड्यावर निवांत बसून ओरडत होती. भरभर चालवायचं कारण एवढंच की त्याला दहाच्या आत दुसरी गिऱ्हाइकं गाठायची होती.

मोठ्या चौकात समोरासमोर दोन मंदिरं आहेत. मंदिर १ जवळजवळ ४७ मीटर उंच, त्याच्या खाली हासाव चान कविल या राजाची कबर सापडली. मंदिर २ त्याच्या राणीशी जोडलं जातं. आम्ही भारतीय म्हणून पोरग्याने लगेच ताजमहाल काढला. तिथपर्यंत मावशीने ऐकून घेतलं. मग त्याने सांगितलं की माया लोक एका रात्रीत नाहीसे झाले, कुठे गेले कुणालाच माहीत नाही. आदल्या संध्याकाळी बेटावर आम्हाला जेवण वाढणारी बाई घरी केक्ची बोलते असं तिनेच सांगितलं होतं. ती मायाच भाषा. ग्वाटेमालात माया भाषा बोलणारे लाखो लोक आहेत.

मावशीने मग तिचा ठेवणीतला प्रश्न विचारला. "इथे नदी कुठे आहे? एवढे लोक पाणी कुठलं पीत होते?" दुष्काळ बघितलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी पडणार. पोरगा म्हणाला, जमिनीखालून नदी वाहते, गुप्त आहे. मावशी मला मराठीत म्हणाली, "चल रे, याला काही येत नाही," आणि सरळ शेजारच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. त्या घोळक्याच्या वाटाड्याच्या छातीवर इंगुआतचं कार्ड होतं. तिने त्यालाच तो प्रश्न विचारला. माणूस खूश झाला. तिकालला नदी नाही, म्हणाला. या चौकांना चुन्याचा गिलावा होता आणि उतार असा दिलेला की पावसाचं सगळं पाणी तळ्यांमध्ये जावं. एका तळ्याच्या गाळात स्फटिकांच्या वाळूसोबत झिओलाइट नावाचं खनिज सापडलंय, ते पाणी गाळायला वापरत असावेत. उलट राजवाड्याजवळच्या तळ्यात पारा सापडला. इमारती आणि भांडी रंगवायला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, वापरायचे, पावसाने तो धुऊन पाण्यात उतरला. राजाच्या घरचंच पाणी विषारी! इथला शेवटचा तारीख कोरलेला स्तंभ इ.स. ८६९ मधला आहे, त्यानंतर शहर हळूहळू रिकामं होत गेलं. एका रात्रीत काही नाही. मंदिर १ मधल्या हासाव चान कविलने ६९५ मध्ये कालाकमुल या दुसऱ्या माया शहराच्या राजाला हरवलं हेही त्याच्याचकडून कळलं. आम्ही तासभर त्याच्यामागे फिरलो. त्याने पैसे मागितले नाहीत, आम्ही आग्रहाने दिले.

मंदिर ४ वर लाकडी जिन्याने चढता येतं. साधारण ६५ मीटर उंची, वर गेल्यावर सगळीकडे झाडंच झाडं आणि त्यातून बाकीच्या मंदिरांचे माथे वर आलेले. गुडघे दुखत असूनही मावशी वर आली. फसवणूक झाली म्हणून तिकाल कमी सुंदर होत नाही, पण सूर्य तोवर चांगला कासराभर वर आला होता.

जेवणाचं थोडक्यात. 'जेवण' म्हणजे खाणावळीपाशी गाडी थांबणार, बिल आपलं. मावशी शाकाहारी, तिला राजम्यासारखा काळा घेवडा, भात आणि मक्याच्या पोळ्या मिळाल्या, ते मात्र उत्तम होतं. खरा फटका परतीला बसला. साडेबाराच्या गाडीचा चालक पावती बघून मान हलवायला लागला. ती दुसऱ्याच कंपनीची होती आणि येण्यापुरती होती. आमचा पोरगा केव्हाच गायब. परतीचे पुन्हा माणशी वेगळे मोजले. हा प्रकार तिथे नेहमीचा आहे असं नंतर कळलं. म्हणून गाडी घेताना जाताना-येताना एकच कंपनी आहे का आणि परतीची वेळ पावतीवर लिहिली आहे का, हे बघाच. सूर्योदयाला जायचं असेल तर पैसे देण्याआधी वाटाड्याचं इंगुआत कार्ड दाखवायला सांगा, आणि फाटकावर आपण स्वतः गाडीतून उतरून खिडकीपाशी जा. पासपोर्ट घेऊन दुसरा कुणी जातोय, हे अजिबात चालू देऊ नका. तिकीट हातात आलं की त्यावरची रक्कम वाचा, ते स्वतःजवळ ठेवा.

तक्रार करायची तर १५०० हा पर्यटकांच्या मदतीचा नंबर आहे, शिवाय दिसेतुर ही पर्यटन पोलिसांची शाखा. आमचं म्हणणं पोलिसाने शांतपणे लिहून घेतलं, तिकिटांचे आणि पावतीचे फोटो काढले. शिक्क्यावरच्या कंपनीला पत्ताच नव्हता. हॉटेलची मालकीण म्हणाली की शर्टावरचं नाव दर हंगामाला बदलतं, माणसं तीच. पोलिसाने विचारलं, उद्या पहाटे बसस्टँडवर येऊन माणूस ओळखाल का? आम्ही विमानाची वेळ सांगितली. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि कागदाची एक प्रत आम्हाला दिली.