बोमन ग्रे स्टेडियम, विन्स्टन-सेलम: शनिवारची रेस कुठं बसून, काय बघत पाहावी

नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी घरांत नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार (दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या रेस गाड्या) शर्यतींच्या संस्थेचा, विषय निघाला की गाडी शार्लट मोटर स्पीडवेवरच थांबते. तिथं जरूर जा. पण स्टॉक कार रेसिंग बापाकडून लेकाकडे कसं जातं ते बघायचं असेल, तर विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमला पर्याय नाही. शार्लटहून साधारण दीड तास, रालेहून पावणेदोन. हंगाम एप्रिल ते ऑगस्ट, वार शनिवार, वेळ रात्रीची.

मुळात हे अमेरिकन फुटबॉलचं मैदान. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं, आणि आजही विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीचे सामने इथंच होतात. मैदानाभोवती पाव मैलाची, म्हणजे जेमतेम ४०० मीटरची डांबरी पट्टी. वळणांना आतल्या बाजूचा उतार (बँकिंग) जवळपास नाहीच. नॅसकारचा संस्थापक बिल फ्रान्स आणि अल्विन हॉकिन्स यांनी १९४९ मध्ये इथं नॅसकारच्या रेस सुरू केल्या, आणि दर आठवड्याला रेस होणाऱ्या नॅसकारच्या ट्रॅकांमध्ये हा सगळ्यात जुना. हॉकिन्स घराण्याच्या पिढ्यांनी तो पाऊणशे वर्षं सांभाळला. २०२४ मध्ये भाडेपट्टा नॅसकारने घेतला. त्यानंतर ऊर्जा शोषणाऱ्या सेफर भिंती, नवं कुंपण, नवे दिवे आले. आमच्या मते यातली भिंत सगळ्यात गरजेची होती. इथला वेग फार नसला तरी धडका जवळून आणि वारंवार होतात.

आता मायर्स घराणं. बॉबी आणि बिली हे दोघे भाऊ इथले पहिल्या फळीचे चालक. बिली १९५५ चा नॅसकार स्पोर्ट्समन विजेता. बॉबी १९५७ मध्ये डार्लिंग्टन ट्रॅकच्या सदर्न ५०० रेसमध्ये पेटी या रेसिंग घराण्याची गाडी चालवताना गेला. पुढच्याच वर्षी बिली याच बोमन ग्रेवर, रेस चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला. एवढं झाल्यावर एखाद्या घराने या खेळाकडे पाठ फिरवली असती, तर कोणी नावं ठेवली नसती. पण बिलीचा मुलगा गॅरी इथंच मॉडिफाइड (इथल्या सगळ्यात वरच्या वर्गाची गाडी) चालवायला लागला, गॅरीचे मुलगे बर्ट आणि जेसन त्याच वर्गात आले, आणि आता बर्टचा मुलगा स्लेटही उतरतो. बॉबीचा मुलगा डॅनी, ज्याला सगळे ‘चॉकलेट’ म्हणतात, तो नॅसकारचा नामवंत चालक डेल अर्नहार्टच्या पिट क्रूमध्ये, म्हणजे रेसमध्ये थांबलेल्या गाडीचं काम करणाऱ्या पथकात, पेट्रोल भरायचा. १९७१ मध्ये इथं झालेली कप मालिकेची, म्हणजे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेची, शेवटची गुणांची रेस बॉबी-बिली या भावांच्याच नावाने होती. ती बॉबी अ‍ॅलिसनने मस्टँग घेऊन जिंकली, पण तो विजय त्याच्या खात्यावर अधिकृतपणे लागायला २०२४ साल उजाडलं. रिचर्ड पेटीचा शंभरावा विजयही इथलाच, १९६९ चा.

हा इतिहास माहीत असला की प्रेक्षकांचं वागणं समजतं. बर्टची गाडी पुढं आली की अर्धं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं आणि अर्धं ‘बू’ करतं. बर्टचा प्रतिस्पर्धी टिम ब्राउनची आली की बाजू उलटतात. हे पक्षही घराघरांत वारशाने आलेले असतात. इथले चालक बहुतेक नोकरी-धंदा सांभाळून रेस करणारे. ब्राउन स्वतः एका कप संघात सस्पेन्शनचं काम करतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कप मालिकेची क्लॅश, म्हणजे हंगामाआधीची बिनगुणांची रेस, इथं झाली तेव्हा ब्राउन आणि बर्ट, दोघेही कप गाडीत बसले. रेस चेस एलियटने जिंकली, पण गर्दीचा जीव कुणात अडकला होता हे सांगायला नको.

रात्रीत चार वर्ग धावतात: मॉडिफाइड, स्पोर्ट्समन, स्ट्रीट स्टॉक आणि स्टेडियम स्टॉक. मुख्य आकर्षण मॉडिफाइड. बुटकी, रुंद, चाकं बॉडीच्या बाहेर आलेली गाडी, आत व्ही-८ इंजिन. एक फेरी साधारण १३ सेकंदांची, म्हणजे सरासरी ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. आकडा साधा वाटतो, पण त्या १३ सेकंदांत दोनदा जोरात ब्रेक आणि दोनदा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर असतो. शंभर फेऱ्यांच्या रेसमध्ये दोनशे वेळा ब्रेक, आणि ब्रेकची डिस्क थंड व्हायला सरळ रस्ता पुरत नाही. अंधार पडला की वळणावर शिरताना पुढच्या चाकांच्या आत डिस्क नारिंगी तापलेली दिसते. चाकं उघडी असल्याने हे प्रेक्षकांतूनही दिसतं. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, चालक थोडा आधीच ब्रेक धरायला लागतो, आणि मागच्याला तेवढी फट पुरते.

दुसरी नजर उजव्या पुढच्या टायरवर ठेवा. वळणाला उतार नसल्याने गाडीचा सगळा भार त्याच्यावर येतो. तो संपला की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ बाहेर सरकते. याला इथं ‘टाइट’ म्हणतात. मागची बाजू सुटते ती ‘लूज’. गाडी आपणहून डावीकडे वळावी म्हणून मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेराने मोठं लावतात. हा फरक कमी पडला की गाडी टाइट, जास्त झाला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच लूज. टायर तापला की हवेचा दाब वाढून घेर बदलतो, म्हणून सुरुवातीला उत्तम पळणारी गाडी तीस फेऱ्यांनी बिघडते. जो चालक आधीच्या फेऱ्यांत टायर राखतो तो शेवटी वर येतो. पहिल्या दहा फेऱ्यांत कोण पुढं आहे याला फार किंमत देऊ नका.

ओव्हरटेक जवळजवळ सगळे आतल्या बाजूनेच होतात. पकड आतच असते, बाहेर गेलेली गाडी दोन-चार जागा गमावते. त्यामुळे पुढच्याला बंपरने हलकेच ढकलून आत शिरणं हा इथला रिवाज. ढकलणं आणि भिरकावणं यांतली रेघ बारीक आहे, भांडणं तिथंच पेटतात. म्हणून तर या जागेला ‘मॅडहाउस’, म्हणजे वेड्यांचं घर, म्हणतात. धडकेनंतर बहुतेक वेळा मोडतो तो पुढच्या चाकाचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा; एक चाक वाकडं बाहेर बघायला लागलं की त्या गाडीची रात्र संपली. रेडिएटरला दणका बसला असेल तर पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्यानंतरच्या संथ फेऱ्यांत, वारा कमी लागून पाणी उकळतं आणि वाफ दिसते.

स्टेडियम स्टॉकला मात्र ‘छोट्या गाड्या’ म्हणून नाश्त्याला उठून जाऊ नका. चार सिलिंडरच्या साध्या गाड्या, कमी खर्च, नवी पोरं. नवी घराणी इथूनच सुरू होतात, आणि चुका जास्त होत असल्याने शिकायलाही इथंच मिळतं.

बसायला वरच्या रांगा घ्या. खाली रबराचे कण आणि धूर येतो, शिवाय पलीकडची सरळ पट्टी गाड्यांआड जाते. वरून पूर्ण ट्रॅक एका नजरेत येतो, आणि हे सुख मोठ्या ओव्हलवर (लंबवर्तुळी ट्रॅकवर) मिळत नाही. वळणाच्या आत शिरण्याची जागा समोर येईल असं बसलात तर ब्रेकचा खेळ नीट कळेल. बैठक कडक आहे, उशी न्या. कानात फोमचे बोळे हवेतच. लहान मुलांना बोळे नीट बसत नाहीत, त्यांना इअरमफ लावा आणि ते पहिल्या सरावाच्या आधीच लावा.

खाण्यात बोलोना बर्गर आणि हॉट डॉग, म्हणजे शाकाहारी माणसाची पंचाईत. जेवूनच निघा. भाषेच्या बाबतीतही तयारीने जा, संतापलेला प्रेक्षक शब्द मोजत नाही.

उणिवा आहेत. पिवळे झेंडे फार पडतात, लहान रेसही रेंगाळते आणि मुख्य रेस उशिरा येते. मुलं पेंगायला लागतात. सुटल्यावर पार्किंगमधून निघायला वेळ लागतो. मोठ्या रेसच्या किंवा डिमॉलिशन डर्बीच्या (गाड्या एकमेकींवर आदळून मोडण्याच्या खेळाच्या) रात्री गर्दी उसळते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने साधा शनिवार निवडावा. निघण्याआधी आकाश बघा. मॉडिफाइडच्या गुळगुळीत टायरांवर ओल्या डांबरात रेस होत नाही, तेव्हा घरून निघताना आणि वाटेत एकदा स्टेडियमची सूचना तपासा.