रहिवासी व्हिसा नाही, मग तिकीट एकेरी काढावं की परतीचं?

जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न दोन घरांतून हमखास येतो. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आईवडील, आणि 'आधी दुबईला जाऊ, काम नंतर बघू' म्हणणारा पोरगा. दोघांना एकच उत्तर चालत नाही.

खरी अडवणूक बहुतेक वेळा तिकडे पोचल्यावर होत नाही, ती मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीच्या गळ्यात पडते, म्हणून तिथला कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या प्रणालीत तुमचं नागरिकत्व आणि जायचा देश टाकून नियम बघतो. परतीचं किंवा पुढचं तिकीट लागेल असं दिसलं, की तो ते मागतो. तुम्ही भुसावळहून रात्रभर गाडीत बसून आलात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मग रांगेतून बाजूला व्हायचं आणि मोबाईलवर मिळेल त्या भावात तिकीट काढायचं.

एकेरी तिकीट चालतं ते कागद पक्का असला तर. अमिरातीत नोकरीचा प्रवेश परवाना मिळालेला माणूस आधी तिथे उतरतो. वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) आणि रहिवासाचं काम त्यानंतर होतं. त्याने परतीचे पैसे कशाला घालावेत? जर्मनीचा राष्ट्रीय 'डी' व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, असलेल्या विद्यार्थ्याचंही तेच.

व्हिजिट व्हिसावर मात्र मी कुणालाही एकेरी तिकीट काढू देणार नाही. त्यात पोरगा दहावी पास नसेल तर आणखी एक भानगड. त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी गरजेची. असा पासपोर्ट घेऊन आखाती देशात नोकरीला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून परवानगी लागते, आणि फिरायला जायचं तर वैध व्हिसासोबत परतीचं तिकीट. म्हणजे 'फिरायला चाललो' म्हणून एकेरी तिकीट दाखवलं, तर आपलेच इमिग्रेशनवाले त्याला बाजूला घेतील. शिवाय व्हिजिट व्हिसावर तिकडे काम करणं गुन्हाच आहे, हे गावातला एजंट सांगत नाही.

आईवडिलांसाठी तारीख बदलता येणारं परतीचं तिकीटच घ्या. मोठ्या कंपन्यांकडे दोन्ही बाजूंचं भाडं दोन सुट्या तिकिटांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं; बजेट कंपन्या मात्र प्रत्येक फेरीचं भाडं वेगळं लावतात, तिथे हा फायदा नाही. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या तारखेवर ठरत नाही, ते आय-९४ वरच्या, म्हणजे तिथे उतरल्यावर होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवरच्या, तारखेवर ठरतं. ती साधारण सहा महिन्यांची मिळते, तेव्हा परतीची तारीख त्याच्या आत धरा. आणि जाण्याचं विमान चुकवलंत तर परतीचंही तिकीट बहुधा आपोआप रद्द होतं. उलट, परतीची फेरी वापरली नाही तर फक्त पैसे बुडतात.

परतीची तारीख सांगताच येत नसेल, तर पैसे परत मिळणारं तिकीट बरं. महाग असतं, पण रद्द केल्यावर बहुतांश रक्कम येते. तिसऱ्या देशाचं स्वस्त तिकीट जोडायची युक्ती दिसायला छान. पण त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर काउंटरवर तोही मागतील. आणि पॅरिसहून रोमचं तिकीट दाखवून भागत नाही, कारण दोन्ही शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येतात.

राहिलं एजंटाचं 'डमी', म्हणजे नुसतं दाखवण्यापुरतं, तिकीट. त्यात खरं, पण थोड्याच वेळासाठी धरलेलं आरक्षण वेगळं आणि संगणकावर बनवलेली पीडीएफ वेगळी. पीडीएफ हातात आली की त्यावरचा पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) आणि आडनाव विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि निघायच्या दिवशी पुन्हा एकदा बघा. नाव दिसलं नाही तर ते तिकीट काउंटरवर काढूच नका. बनावट कागद दाखवल्यावर प्रकरण परतीच्या भाड्यावर थांबत नाही.