बाहेरचा कीबोर्ड मराठी, लॅपटॉपचा इंग्रजी: आठ महिने वापरल्यावर

परवा रात्री लाइट नुसती लुकलुकली, धड गेली पण नाही, आणि माझं अर्धं पान वाया गेलं, म्हणून आज हे लिहायला बसले.

माझं सोलापूरच्या पूर्व भागात लग्नपत्रिका आणि टायपिंगचं काम आहे. मराठी जास्त, पण पद्मशाली घरातलं लग्न असलं की तेलुगू पण लागते, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कधी कधी कन्नड. त्यामुळं मी जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन पद्धत सोडून इनस्क्रिप्ट धरलं. १९९१ च्या आयएस १३१९४ ह्या भारतीय मानकातला हा लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, आणि त्यात मराठीचा क ज्या बटणावर त्याच बटणावर तेलुगूचा क, कन्नडचा पण तिथंच. बोटांना एकदाच शिकवायचं. ज्यानं कुणी हे असं बसवलं त्याला माझा मनापासून नमस्कार.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवाला. मला एवढंच पाहिजे होतं की बाहेरचा कीबोर्ड लावला की तो मराठी, आणि लॅपटॉपची बटणं हिशेबाला, मेलला इंग्रजीच राहावीत. विंडोजमधे लेआउट कीबोर्डप्रमाणे वेगळा ठेवायची आतून सोयच नाही, दिवसभर ऑल्ट-शिफ्ट दाबून माझी करंगळी दुखायची. लिनक्सच्या एक्स सर्व्हरमधे (स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारा भाग, थोडक्यात एक्स) मात्र प्रत्येक कीबोर्डला स्वतःचा लेआउट देता येतो आणि ज्याला हात लावाल त्याचा लागू होतो. पहिल्या दिवशी डाव्या हातानं इंग्रजी आणि उजव्या हातानं मराठी एकाच ओळीत टाइप करून बघितलं, इतका आनंद झाला की जाऊबाईंना हाक मारून दाखवलं.

सुरुवातीला यूडेवचा, म्हणजे नवं काही जोडलं की ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लिहिला होता. एलएसयूएसबी ह्या कमांडमधे कीबोर्डचा चार-चार आकड्याअक्षरांचा आयडी मिळतो, तो आला की लेआउट मराठी करणारी छोटी स्क्रिप्ट चालवायची. एक्सच्या यादीत एकच कीबोर्ड दोनदा दिसतो, कारण व्हॉल्यूमची बटणं वेगळं डिव्हाइस म्हणून येतात, तिथं एक संध्याकाळ गेली. शिवाय यूडेवला कीबोर्ड आधी कळतो आणि एक्सला नंतर, म्हणून स्क्रिप्टमधे एक सेकंद थांबायला लावलं.

हाच तो एक सेकंद. आठ महिन्यांत बाकी कशाबद्दल तक्रार नाही, पण ह्या एका सेकंदानं जीव खाल्ला. माझा यूएसबी हब, म्हणजे सगळ्या यूएसबी वायरी एकत्र जोडायचा डबा, वेगळ्या अ‍ॅडाप्टरवर चालतो. लाइट डोळा मिचकावते तेवढ्यात लॅपटॉपला काही होत नाही, त्याला बॅटरी आहे, पण हब बंद होऊन चालू होतो आणि कीबोर्ड नव्यानं लावल्यासारखा येतो. सोबत प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राइव्ह सगळेच एकदम. त्या गर्दीत एक सेकंद पुरत नाही, स्क्रिप्ट आधीच होऊन जाते आणि कीबोर्ड इंग्रजीच राहतो. टाइप करताना माझी नजर गिऱ्हाइकाच्या कागदावर असते, स्क्रीनवर नाही. मान वर केली तर 'शुभविवाह'च्या जागी एम-जी-वाय-बी-एफ-बी-ई-यू, आणि खाली अर्धं पान तसंच.

आधी हे असं झालं तेव्हा मी हबवरच खापर फोडलं होतं. हबवाला म्हणाला कीबोर्ड बघा, कीबोर्डचं सर्व्हिस सेंटर म्हणालं हब बदला, उन्हातान्हात तीन फेऱ्या झाल्या आणि रिक्षाचे पैसे गेले ते वेगळेच. कुणीही पाच मिनिटं समोर बसून बघितलं नाही ह्याचा मला अजून राग आहे. पण परवा नीट बघितल्यावर कळलं की हब आणि कीबोर्ड दोन्ही चांगले आहेत, पद्धतच चुकीची होती.

आता स्क्रिप्ट काढून टाकली. एक्सच्याच सेटिंगच्या फोल्डरमधे इनपुटक्लासची छोटी फाइल, त्यात यूएसबी आयडी आणि लेआउट 'इन', म्हणजे देवनागरी इनस्क्रिप्ट. कीबोर्ड आला की एक्स स्वतःच मराठी लावतो, थांबायची भानगडच नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमधे 'सिस्टिम डिफॉल्ट वापरा' चालू ठेवा, नाहीतर तो वरून आपला लेआउट थापतो. काल हबची पिन वीस वेळा काढून लावली, वीसही वेळा मराठी आली. एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या वेलँडवर मात्र ही फाइल चालत नाही, त्यामुळं अपडेटच्या नादात डेस्कटॉप बदलू नका.

पासवर्ड लॅपटॉपच्याच बटणांनी टाका, बाहेरच्यानं टाकला की देवनागरी अक्षरं जातात आणि चुकीचा म्हणतो.

आता जाऊबाईंना तेलुगूसाठी वेगळा कीबोर्ड घ्यायचाय. दुकानदार ह्याच मॉडेलवर दोनशे रुपये कमी करायला तयार होता, पण एकाच मॉडेलच्या दोन कीबोर्डांचा आयडी सारखाच असतो, दोन्ही मराठीच होतील. दोनशे सोडले आणि दुसरं मॉडेल सांगून आले, शनिवारी येतंय.