कवटीचं प्लॅस्टिक मॉडेल: चित्रकारांनी घ्यावं का?

मेडिकलच्या मुलांसाठी मिळते तीच कवटी मी चित्रकलेच्या वर्गासाठी मागवली. खऱ्या मापाची, ऑनलाइन, दोन हजारांच्या आत. वरची टोपी उघडते, खालचा जबडा स्प्रिंगवर हलतो. (१९८५ ला निर्यातबंदी येईपर्यंत बाहेरच्या मेडिकल कॉलेजांना खरे सांगाडे मुख्यतः भारतातूनच जायचे. आता आपलंही भागतं प्लॅस्टिकवर.)

आधी तक्रारी. पृष्ठभाग मेणकट चकाकतो. ट्यूबलाइटखाली कपाळावर दोन-तीन पांढरे ठिपके उमटतात आणि मुलं इमानदारीत तेच काढत बसतात. साच्याची शिवण कानामागून टाळूपर्यंत सरळ दिसते. हाडांचे सांधे तर सगळीकडे सारख्याच खोलीचे कोरून वर तपकिरी रंग भरलाय. शरीररचना शिकणाऱ्याला ते सोयीचं असेल, चित्रकाराला ताप आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला घोटून आलेला मुलगा दिसेल ते सगळं काढतो. त्याच्या कागदावर हे सांधे नकाशातल्या नद्यांसारखे पसरतात आणि कवटीचा गोलवा जातो तो जातोच.

उपाय स्वस्तातला आहे. शिवण पॉलिश पेपरने घासली आणि पांढऱ्या अ‍ॅक्रेलिकमध्ये चिमूटभर यलो ओकर नि खडूची पूड कालवून दोन हात दिले. चकाकी गेली, सांधेही निम्मे बुजले.

आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. गालाच्या हाडाची कमान खरोखर सुटी आहे, तिच्याखालून उजेड आरपार जातो. शोपीसच्या छोट्या कवट्यांमध्ये तिथे भरीव लगदा असतो. डोळ्यांच्या खोबणीही खोल आहेत, आणि गोल नाहीत. खऱ्या असतात तशा चौकटीकडे झुकणाऱ्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या.

मी जबडा काढून ठेवतो. मग कवटी वरच्या दातांवर टेकते, किंचित मागे कलते, आणि मांडणीला हवा तो तिरकेपणा आपसूक मिळतो. ट्यूब बंद, डावीकडून एकच टेबल लॅम्प. ए-थ्री कार्ट्रिज कागदावर कवटी मधोमध नको. चेहरा जिकडे वळलाय तिकडे जागा सोडायची. खोबण, गालाखालचा खळगा आणि टेबलावर पडलेली सावली हे तीन वेगळे काळे तुकडे नाहीत, ४बी या मऊ, गडद पेन्सिलने एकच आकार म्हणून भरायचे. मागच्या डोक्याची कड त्या काळोखात हरवली तरी हरवू दे, बघणारा ती मनाने पुरी करतो.

बारकावा फक्त एका जागी: उजेडातल्या खोबणीची खालची कड आणि तिथून निघणारी गालाची कमान. तिथे ब्लेडने लांब टोक काढलेली एचबी. दातांपैकी सुळा आणि त्याच्या शेजारचा एक स्पष्ट; बाकीची एक राखाडी पट्टी. सांधा दाखवायचाच तर कानशिलाजवळ उजेड सावलीत वळतो तिथे बोटभर.

नाकाच्या आतली पातळ हाडं या मॉडेलमध्ये जाडीभरडी आहेत. माझं काही अडलं नाही, तिथे मी गडदच करतो. फक्त ६बी दाबून काळं आणायला जाऊ नका, ग्रॅफाइट चमकतं. चारकोल पेन्सिल घ्या.

कोणी म्हणेल, लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्ये कवट्या काढल्या त्यात किती तपशील आहे! आहेच. पण त्याने अर्ध्या चेहऱ्याचं हाड कापून आतल्या पोकळ्या दाखवल्या. त्याला कवटी समजून घ्यायची होती. आपल्याला एका कागदावर नजर कुठे थांबवायची ते ठरवायचंय.

पाचपैकी साडेतीन. रंगवायची तयारी असेल तर जरूर घ्या. जबड्याची स्प्रिंग लवकर सैल पडते, रबरबँड जवळ ठेवा. टोपीचे हूकही जपून. आमच्याकडे मुलांनी तिच्यात खोडरबर ठेवायला सुरुवात केलीय.