लूर्दची यात्रा: दुकानं टाळा, डॉक्टरांचं ऑफिस चुकवू नका

वसईहून फ्रान्समधल्या लूर्द या मरियामातेच्या तीर्थक्षेत्राला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि टूरवाले सगळ्यांना तेच फोटो दाखवतात: गुहा, बॅसिलिका, मेणबत्त्यांची मिरवणूक. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे मला त्या गावात भलतंच काही आवडलं. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी टूरबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही. बस वेळेवर, हॉटेल स्वच्छ, जेवणात दोन्ही वेळा सूप आणि पाव. भात मागितला तर तो सॅलडसारखा गार आणून देतात. लोणच्याची बाटली बरोबर असू द्या. तक्रार एकच. दुकानांसाठी अख्खी दुपार आणि बरं झाल्याचे दावे डॉक्टर जिथे तपासतात त्या वैद्यकीय केंद्रासाठी "इच्छा असेल तर स्वतः जाऊन या". आमच्या गटातून तिथे गेलो आम्ही तिघीच.

सासूबाई व्हीलचेअरवर होत्या, म्हणून या भागाला पैकीच्या पैकी. निळ्या छपराच्या, पुढे दांडा लावून ओढायच्या खुर्च्या असतात आणि त्या ओढणारे बहुतेक स्वयंसेवक. सुट्टी काढून, स्वखर्चाने आलेले लोक. आमच्या वाट्याला आलेला इटालियन मुलगा आणि सासूबाई यांची एकही भाषा सामाईक नव्हती, तरी त्यांचं दिवसभर बोलणं चालू होतं. आजाऱ्यांना सगळीकडे पुढे जागा मिळते. आपल्याकडे व्हीआयपींना मिळते तशी.

गुहा लहान आहे. गाव्ह नदीच्या काठी मासाबिएलचा खडक, आणि तिथे ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात चौदा वर्षांच्या बेर्नादेत सुबिरूला अठरा वेळा मरियामातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा. झऱ्याचं पाणी साधं पिण्याचं आहे. तपासण्या पूर्वीच झाल्या आहेत, त्यात औषधी काही सापडलेलं नाही आणि चर्चही तसा दावा करत नाही. आम्ही गेलो तेव्हा हौदात बुडवण्याऐवजी ओंजळीत पाणी देत होते, हात-तोंड धुवायचं आणि प्यायचं. खुद्द बेर्नादेत ३५व्या वर्षी क्षयाने गेली, हे मात्र आमच्या गाईडने सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय चालतं, डॉ. द्युनो द सँ-माक्लू यांनी सुरू केलेलं. कोणी "मी बरा झालो" म्हणत आला की त्याची नोंद होते, आणि त्या वेळी लूर्दमध्ये असलेला कोणताही डॉक्टर तपासणीत भाग घेऊ शकतो. कॅथलिक असो, हिंदू असो, नास्तिक असो. आतापर्यंत सात हजारांवर नोंदी झाल्या. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्या फक्त ७२.

तिथल्या एका डॉक्टरबाईंनी इंग्रजीतून सगळी पद्धत समजावली. निकष अठराव्या शतकातले, कार्डिनल लाम्बेर्तिनींचे. हेच पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. आजार गंभीर हवा, आपोआप बरा होण्याच्या बेतात नसावा, औषधाचा गुण नसावा, बरं होणं अचानक आणि पूर्ण असावं, आणि दुखणं उलटू नये. शेवटच्या अटीसाठी वर्षानुवर्षं थांबतात. सिस्टर बेर्नादेत मोरियो यांना मणक्याच्या शेवटच्या नसांचा आजार होता. त्या जुलै २००८ मध्ये बऱ्या झाल्या आणि मान्यता मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या सातबाऱ्यापेक्षा बरं आहे."

मी विचारलं, एवढ्या फाइली बाद का होतात? उत्तर ऐकून मला आमची लॅबच आठवली. बरं झाल्यानंतरचा रिपोर्ट सगळे आणतात, आधीचा धड रिपोर्ट फार थोड्यांकडे असतो. बायोप्सी नाही, एक्स-रेवर तारीख नाही, निदान म्हणजे फॅमिली डॉक्टरचा अंदाज. विट्टोरियो मिकेली या इटालियन सैनिकाची केस वजनदार ठरली ती याच कारणाने. कमरेच्या हाडाचा सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, बायोप्सीत सिद्ध झालेला, १९६३ मध्ये लूर्दला येऊन गेल्यावर झिजलेलं हाड पुन्हा भरून आलं ते एक्स-रेवर दिसतं, आणि मान्यता १९७६ मध्ये. उलट जुन्या काळातल्या मान्य केसेसमध्ये क्षयाचा भरणा आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जंतू तपासून खात्री केलेली नाही. त्या फाइली आज माझ्या टेबलावर आल्या असत्या तर मी "सॅम्पल पुन्हा पाठवा" असा शेरा मारला असता. आता अडचण उलटी आहे. प्रत्येक रुग्ण काही ना काही औषध घेतोच, त्यामुळे गुण कशाने आला हे वेगळं काढणं कठीण.

मला सर्वांत आवडलं ते डॉक्टरांचं थांबणं. आज उपलब्ध असलेल्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही, इथवर ते येतात आणि पुढचा निर्णय रुग्णाच्या गावच्या बिशपकडे सोपवतात. मोरियो बाईंच्या बाबतीत तो बोव्हेच्या बिशपांनी दिला. मायक्रोस्कोपखाली जे दिसतं तेवढंच लिहावं, ही शिस्त मला एका तीर्थक्षेत्रात भेटेल असं वाटलं नव्हतं.

माझा भाचा तत्त्वज्ञान शिकवतो. त्याने फोनवरच ह्यूम काढला. १७४८ मध्ये या स्कॉटिश तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय की, चमत्काराची साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य असेल, तरच ती मानावी. मी म्हटलं, अरे, माणसाची साक्ष वेगळी आणि तारखेचा एक्स-रे वेगळा. तो म्हणाला, एक्स-रे काय झालं ते दाखवतो, कोणी केलं ते नाही. आणि कॅन्सर क्वचित आपोआपही मागे हटतो, हे तूच मला शिकवायचीस. बरोबर आहे त्याचं. पण संत ऑगस्टीन यांचं म्हणणंही मी त्याला ऐकवलं: चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो, निसर्गाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्याविरुद्ध असतो. डॉक्टरांच्या त्या शेऱ्यापासून हे फार लांब नाही. रोमिंगचं बिल वाढल्यामुळे वाद तिथेच थांबला.

जाता जाता एक वसईकर योगायोग. १८६२ मध्ये जानेवारीत लूर्द ज्यांच्या अखत्यारीत येत होतं त्या तार्बच्या बिशपांनी लूर्दच्या दर्शनांना मान्यता दिली आणि जूनमध्ये आपले गोन्सालो गार्सिया संत जाहीर झाले.

रात्री नऊची मिरवणूक चुकवू नका, आणि उन्हाळा असला तरी स्वेटर घ्या. पिरेनीजचा वारा अंगात शिरतो. दुकानांत मरियामातेच्या आकाराच्या, निळ्या मुकुटाचं झाकण असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात. पाणी फुकट, बाटली नाही. घरून साधी घेऊन गेलात तरी चालतं.

गुण: स्वयंसेवक पाच, वैद्यकीय केंद्र पाच, टूर तीन, दुकानं एक. बरं होण्याची आशा धरून जात असाल तर जुने रिपोर्ट, स्लाइड्स, फिल्म्स, सगळं तारखेनिशी बरोबर न्या. आणि येताना पाणी चेक-इनच्या बॅगेत ठेवा. आमच्या गटातल्या दोघींच्या बाटल्या सिक्युरिटीत गेल्या, तिथे शंभर मिलिलिटरच्या नियमाला मरियामातेचाही अपवाद नाही.