रंग नवा, चेसिस वाकडी: जुनी गाडी घेताय तर वाचा

पुण्यातल्या एका डीलरनं मला दीडशे सीसीची मोटारसायकल 'सिंगल ओनर, एक ओरखडा नाही' म्हणत बावन्न हजारांना गळ्यात मारली. ओरखडा नव्हताच, टाकी, मडगार्ड, हेडलाइट सगळं नवं बसवलं होतं. चक्कर मारायला दिली ती दुकानामागच्या गल्लीत. पावलापावलाला स्पीडब्रेकर. तिथे कुठलीही गाडी गुणी वाटते.

खरं रूप कळलं सातारा रस्त्यावर, खेड-शिवापूरच्या पुढे. साठ ओलांडले की हँडल थरथरायचं. डीलर म्हणाला, "नवे टायर आहेत साहेब, बसायला वेळ लागतो." (हवा बरोबर होती, मी आधीच तपासली होती.)

आमच्या मेकॅनिकनं डबल स्टँड लावून पुढचं चाक उचललं. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) इतका आवळलेला की हँडल अडकत फिरत होतं. सैल करताच खडखड सुरू. मग त्यानं टाकी उतरवली. हँडल ज्या पाइपात फिरतं, त्याच्या खालच्या अंगाला ताजा काळा रंग आणि रंगाखाली वेल्डिंगची जाड गाठ. गाडी समोरून ठोकलेली होती.

गाडी सरळ धावते ती नुसत्या चाकाच्या फिरण्यानं नाही. त्या पाइपाची तिरकी रेघ जमिनीपर्यंत नेली तर ती टायर टेकतो तिथून साधारण नऊ-दहा सेंटिमीटर पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. त्यामुळे चाक ट्रॉलीच्या चाकासारखं मागून ओढलं जातं आणि आपसूक सरळ होतं. धडकेत पाइप उभा झाला की ट्रेल घटतो, हँडल चंचल होतं. रंग मारून तो परत येत नाही.

म्हणून मोकळ्या रस्त्यावर चालवल्याशिवाय इसार देऊ नका. टायर ओले करून सरळ चालवा; पुढच्या चाकाचा माग मागच्याच्या मधोमध पडायला हवा. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर याच पाइपावर कोरलेला असतो, तिथला रंग बॅटरी मारून बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून टाकीपासूनचं अंतर ताडून पाहा.

डीलरनं 'जशी आहे तशी' लिहिलेल्या कागदावर बोट ठेवलं. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वेल्डिंगचे फोटो आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल मात्र दुरुस्तीला हात लावायच्या आधीच घ्या.