खोके अस्सल, ऑइल फिल्टर बनावट

गाडीचे ऑइल बदलताना मी ऑइल नेहमी पारखून घेत असे. ऑइलमधला कचरा गाळणारा फिल्टर मात्र खोक्यावरचे नाव पाहून घेत आलो. याच सवयीचा फायदा एका सुट्या भागांच्या विक्रेत्याने घेतला. बाकीच्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत त्याने माझ्या गाडीच्या कंपनीचा म्हणून एक फिल्टर दिला आणि "माल त्याच कारखान्यातला आहे, फक्त मधले दलाल नाहीत" असे सांगितले. खोक्याचा रंग, बोधचिन्ह, चकाकणारे लेबल, सर्व काही जागच्या जागी होते. पार्ट नंबर न लिहिलेली कच्ची पावती मी मुकाट्याने खिशात ठेवली, ही त्यातली सर्वांत मोठी चूक.

फिल्टर बसवल्यावर काही दिवसांतच सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. एरवी क्षणात विझणारा ऑइलच्या दाबाचा लाल दिवा तीन-चार सेकंद तसाच राहायचा, आणि तो विझला की आवाजही थांबायचा. दुपारी, गाडी नुकतीच चालवलेली असताना, असे काहीच होत नसे. एका मेकॅनिकने टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, सैल झाल्याचे निदान केले आणि इंजिन उघडण्याचा मोठा खर्च सांगितला. मी जवळजवळ होकार देऊन बसलो होतो.

दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रींनी मात्र पहिला प्रश्न केला, "साहेब, फिल्टर कधी बदलला आणि कुठून आणला?" गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवायला लावून त्यांनी सकाळी इंजिन सुरू न करता फिल्टर सोडवला. माझ्या गाडीत तो तोंड खाली करून बसतो. अशा फिल्टरमध्ये बंद इंजिनातले ऑइल परत ओघळून जाऊ नये म्हणून आत रबराची एकदिशा झडप असते, त्यामुळे तो सोडवताना भरलेला असायला हवा होता. माझा फिल्टर हातात आला तो जवळजवळ रिकामा. म्हणजे रोज सकाळी पंपाला आधी तो रिकामा डबा भरावा लागत होता, आणि तेवढा वेळ चेनला ताण देणाऱ्या भागापर्यंत, बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचतच नव्हते.

त्यांनी तो डबा गोल फिरणाऱ्या कटरने कडेवर कापला. आरी वापरली असती तर लोखंडाचा कीस आतल्या गाळणीच्या कागदात पडला असता आणि तो इंजिनातला की आरीचा, हे सांगता आले नसते. आत जे दिसले ते पाहून मला खरोखर संताप आला. कागदाच्या चुण्या एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला बोटभर मोकळी जागा. कागद खालच्या चकतीपासून डिंक सुटल्यासारखा निखळलेला. झडपेचे रबर प्लॅस्टिकसारखे कडक. दुसरीही एक झडप असते, ती बायपासची. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून ती साधारण 1 बारच्या आसपासच्या दाबफरकाला उघडते. माझ्या फिल्टरमधली तिची स्प्रिंग बोटाने सहज दबत होती, म्हणजे ऑइल बहुतेक वेळ न गाळताच पुढे जात असणार. चांगला फिल्टर 20 ते 30 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून बारीक असलेले कण मोठ्या प्रमाणात अडवतो. ते अडवले जात नाहीत हे सांगणारा दिवा सर्वसाधारण गाडीत नसतो, म्हणून ही फसवणूक वर्षानुवर्षे खपून जाऊ शकते.

कापलेले तुकडे घेऊन मी विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा "हा माझ्याकडचाच कशावरून?" हा त्याचा प्रश्न होता आणि माझ्या पावतीत त्याचे उत्तर नव्हते.

आता मी गाडीच्या पुस्तिकेतला पार्ट नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही आणि फिल्टर खोक्यातून काढून पाहतो: बॅच नंबर खोक्यावर आणि डब्यावर नीट छापलेला आहे का, आटे स्वच्छ आहेत का, कडेच्या भोकांतून दिसणारे रबर मऊ आहे का. केवळ आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा फिल्टर घेणेही धोक्याचेच आहे, कारण झडपांचे दाब वेगळे असू शकतात. बसवतानाही मी समोर उभा राहतो. जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली तर दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. आणि रिंगला ऑइल लावून, ती टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण फेरा एवढेच आवळणे बहुतेक फिल्टरना पुरते.

नवा अस्सल फिल्टर बसवल्यापासून खडखड थांबली आहे. मात्र मिस्त्रींनी ऑइलचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइल साठण्याचे भांडे, उतरवला तेव्हा पंपाच्या जाळीवर कागदाचे तंतू चिकटलेले निघाले. त्यांनी जाळी साफ केली आणि पुढचे ऑइल व फिल्टर ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदलून तो फिल्टरही कापून पाहायला सांगितले आहे. ते अंतर अजून पूर्ण व्हायचे आहे.